शुद्ध रंगाच्या शोधातले शॉलो

लेसर म्हटले की पोलाद कापणारा किरण डोळ्यांसमोर येतो. आर्थर शॉलो यांना मात्र लेसरने कापण्यापेक्षा मोजण्यात अधिक रस होता.

न्यूयॉर्कजवळच्या माउंट व्हर्नन येथे ५ मे १९२१ रोजी जन्मलेले शॉलो वाढले ते कॅनडातील टोरांटोत. रेडिओ अभियंता होण्याची इच्छा होती. पण त्या शाखेसाठी शिष्यवृत्ती नव्हती, म्हणून गणित आणि भौतिकशास्त्राच्या शिष्यवृत्तीवर ते विद्यापीठात गेले. फावल्या वेळात जॅझ वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवीत. पुढे कोलंबिया विद्यापीठात चार्ल्स टाउन्स यांच्याकडे संशोधन करताना त्यांची धाकटी बहीण ऑरेलिया हिच्याशी परिचय झाला आणि १९५१ मध्ये विवाह. त्याच वर्षी शॉलो बेल प्रयोगशाळेत रुजू झाले.

या मेव्हण्यांच्या जोडीने १९५८ मध्ये लेसरचा सिद्धान्त प्रसिद्ध केला. दोन समांतर आरशांमध्ये प्रकाश खेळवत ठेवण्याची युक्ती शॉलो यांची. प्रत्यक्ष लेसर मात्र १६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन यांनी पेटवला, तोही गुलाबी माणकातून. हे माणिक या कामाचे नाही, असे शॉलो यांनी आधीच जाहीर करून टाकले होते! पेटंट बेलच्या नावे असल्याने त्यांना त्यातून संपत्तीही लाभली नाही.

१९६१ मध्ये ते स्टॅनफर्डला प्राध्यापक झाले. माणकाचा लेसर एकाच रंगाचा. १९६६ मध्ये अमेरिकेत पीटर सोरोकिन आणि जर्मनीत फ्रिट्झ शेफर यांनी रंगद्रव्याच्या द्रावणातून लेसर मिळवला, तेव्हा रेडिओचे स्टेशन लावावे तसा हवा तो रंग निवडण्याची सोय झाली. १९७० मध्ये स्टॅनफर्डला आलेल्या थिओडोर हान्श यांनी नायट्रोजन लेसरच्या झोताने चालणारा डाय लेसर इतका नेमका केला, की १९७२ मध्ये हायड्रोजनच्या तांबड्या रेषेतील एरवी धूसर दिसणारी घडण उलगडली. शॉलो या प्रयोगात सहभागी होते. खाण्याच्या जेलीतही रंगद्रव्य घालून या दोघांनी लेसर चालवला. आधी बाजारात मिळणाऱ्या नाना स्वादांच्या जेल्या त्यांनी करून पाहिल्या होत्या. चालल्या नाहीत, त्या खाऊन टाकल्या.

पण एक पेच उरला. अखंड वाहणारा डाय लेसर रंगाने अतिशय शुद्ध, पण दुबळा. त्याची वारंवारता दुप्पट करून अतिनील प्रकाश मिळवायचा तर तीव्रता फार लागते. स्पंद सोडणारा लेसर बलवान, पण रंगाला ढोबळ. यावर तोडगा निघाला तो हान्श आणि त्यांचे विद्यार्थी कार्ल वीमन यांच्या १९८० मधील मापनात. शुद्ध पण क्षीण झोत एकामागून एक अशा तीन रंगद्रव्य-कुप्यांतून पाठवायचा आणि त्या कुप्या नायट्रोजन लेसरने नेमक्या त्याच क्षणी उद्दीपित करायच्या. रेणूंमधील साठलेली ऊर्जा काही नॅनोसेकंदच टिकते. तेवढ्यात जाणारा प्रकाश ती उचलून घेतो. काही मिलिवॅटचा झोत असा कित्येक किलोवॅटचा क्षणिक स्पंद होऊन बाहेर पडे. रंग मात्र जवळजवळ मूळचाच! स्पंद आखूड म्हटला की रंगाची थोडी फैलावट येतेच. निसर्ग तेवढी किंमत घेतोच.

लेसर वर्णपटशास्त्रासाठी १९८१ चे नोबेल शॉलो यांना मिळाले. वीमन यांना ते २००१ मध्ये, हान्श यांना २००५ मध्ये अन्य कार्यासाठी लाभले.

घरची बाजू कठीण होती. मुलगा आर्थर स्वमग्न, बोलण्यापासून वंचित. मदतनिसाने हात धरून यंत्रावर अक्षरे निवडण्याच्या पद्धतीचा शॉलो यांनी हिरिरीने पुरस्कार केला. नियंत्रित चाचण्यांत ते शब्द मदतनिसाचेच असल्याचे दिसून आले. मोजमापात आयुष्य घालवलेल्या माणसाने इथे मोजमापाला दाद दिली नाही; त्या जागी बाप उभा होता. १९९१ मध्ये ऑरेलिया यांचे मोटार अपघातात निधन झाले. कॅलिफोर्नियातील पॅराडाइज येथे स्वमग्न व्यक्तींसाठी शॉलो यांनी उभ्या केलेल्या केंद्राला १९९९ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २८ एप्रिल रोजी, रक्ताच्या कर्करोगाने ते गेले.