बेथोव्हेन आणि मेट्रोनोम

लुडविग व्हान बेथोव्हेन हा थोर संगीतकार इ. स. १७७० मध्यें जर्मनींतील बॉन शहरीं जन्मला व १७९२ पासून व्हिएन्ना येथें राहिला. तिशीच्या आंतच त्यास बहिरेपणानें ग्रासिलें. मेल्झेल नांवाच्या यंत्रकारानें त्याला कर्णनलिका करून दिल्या. याच मेल्झेलनें १८१५ च्या सुमारास मेट्रोनोम, म्हणजे मिनिटास ठराविक ठोके देणारें लंबकयंत्र, प्रचारांत आणिलें. आपल्या रचना भलत्याच गतीनें वाजविल्या जाऊं नयेत म्हणून बेथोव्हेननें १८१७ त आपल्या तोंवरच्या आठहि सिंफनींची गति ठोक्यांच्या आंकड्यांनीं प्रसिद्ध केली. तथापि एका गीतावर त्यानें नमूद केलें कीं, आंकडा आरंभापुरताच. भावनेचीहि स्वतःची लय असते. १८२७ त तो निवर्तला. विद्यार्थिमित्रहो, लय यंत्रापाशीं घोटावी. पण गातांना अंतःकरण बंद ठेवूं नये.