उकिरड्यातली लक्ष्मी

मोताळा तालुक्यात कपाशीची शेवटची वेचणी आटोपली, की शेतात उरतात त्या वाळलेल्या पऱ्हाट्या. थोड्या चुलीसाठी घरी येतात, बाकीच्यांचा धुऱ्यावर ढीग रचला जातो आणि एखाद्या संध्याकाळी त्याला काडी लावली जाते. मृग जवळ आला, की हाच शेतकरी रासायनिक खताच्या पोत्यांसाठी दुकानापुढे उभा असतो. घरातही निराळे काय चालते? भाजीची देठे, चहाचा चोथा, फाटकी पिशवी आणि रिकामी बाटली, सारे एकाच बादलीत पडते. जे जाळले, फेकले, त्याची किंमत किती, हा हिशेब आपण सहसा मांडत नाही.

शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने तो मांडला. तोही आपल्यासारख्याच काळ्या जमिनीत, अशाच पऱ्हाट्यांच्या ढिगापुढे उभा राहून. सातपुड्यापलीकडे, होळकरांच्या इंदुरात. त्या माणसाचे नाव सर अल्बर्ट हॉवर्ड.

हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यातल्या एका शेतकरी कुटुंबात झाला. केंब्रिजमध्ये शिक्षण घेतल्यावर ते वेस्ट इंडीजमध्ये पिकांवरील बुरशीरोगांचे तज्ज्ञ म्हणून रुजू झाले. तिथे एक गोष्ट त्यांच्या मनाला लागली. प्रयोगशाळेत बसून ते शेतकऱ्याला सल्ला देत होते, पण तो सल्ला स्वतः पेरून पाहायला त्यांच्याकडे वावभर जमीन नव्हती. १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथील संशोधन संस्थेत नेमणूक झाली, तेव्हा त्यांनी आधी जमीन मागून घेतली. त्याच वर्षी मुंबईत त्यांचा विवाह झाला. पत्नी गॅब्रिएल स्वतः नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ. पुढची पंचवीस वर्षे दोघांनी खांद्याला खांदा लावून काम केले. पुसाचे सुधारित गहू ही या जोडप्याचीच कमाई.

पुसाला साहेबांना गुरू भेटले ते भोवतालच्या गावांतले शेतकरी. त्यांच्याकडे ना औषधे होती, ना विकतची खते, तरी त्यांची पिके बहुतांशी निरोगी होती. हॉवर्ड यांनी अभिमान बाजूला ठेवला आणि त्यांची शेती न्याहाळली. निरोगी पिकाचे मूळ जिवंत मातीत आहे आणि माती जिवंत राहते ती कुजलेल्या सेंद्रिय द्रव्यावर, हा त्यांचा निष्कर्ष इथेच पक्का झाला.

१९२४ मध्ये ते इंदूरला आले. मध्यवर्ती कापूस समितीच्या पैशातून आणि होळकर दरबाराने दिलेल्या सुमारे तीनशे एकर जमिनीवर नवी संस्था उभी राहिली. काम होते कापूस सुधारण्याचे. हॉवर्ड यांच्या ध्यानात आले, की बियाणे कितीही सुधारले तरी माती उपाशी असेल तर व्यर्थ. शेणाचा मोठा भाग गोवऱ्या होऊन चुलीत जात होता आणि गरीब शेतकऱ्याला खत विकत घेणे परवडत नव्हते. मग खत आणायचे कुठून? उत्तर शेतातच पडले होते.

पऱ्हाट्या आणि तुराट्या टणक, लवकर कुजत नाहीत. हॉवर्ड यांनी त्या बैलगाड्यांच्या वाटेवर पसरायला लावल्या. चाकांखाली त्या आपोआप चिरडल्या जात, त्यासाठी वेगळी मजुरी नाही. गोठ्यात जनावरांखाली माती पसरलेली असे. गोमूत्राने भिजलेली ही माती उचलून घ्यायची, पालापाचोळा, चिरडलेल्या काड्या, थोडे शेण आणि चुलीतली राख यांच्यासोबत खड्ड्यात थर लावायचे आणि पाणी शिंपडायचे. सुमारे तीस फूट लांब, चौदा फूट रुंद, दोन-तीन फूट खोल असा तो खड्डा. ढीग आतून तापतो. हवा खेळावी म्हणून तीनदा वरखाली करायचा. तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत, दुर्गंधी नसलेले खत तयार! जगाच्या शेतीशास्त्रात ही पद्धत आपल्या इंदूरच्या नावाने ओळखली जाते.

या कामात त्यांचे सहकारी होते यशवंत वाड. १९३० मध्ये गॅब्रिएलबाईंचे निधन झाले. दुसऱ्याच वर्षी हॉवर्ड आणि वाड यांचा शेतीतील टाकाऊ पदार्थांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि हॉवर्ड मायदेशी परतले. वाड मात्र थांबले नाहीत. जॅक्सन नावाच्या अधिकाऱ्याबरोबर त्यांनी हीच पद्धत इंदुरातल्या वस्तीच्या कचऱ्याला लावली. जो कचरा रोगराई पसरवी, त्याचे खत होऊ लागले. १९३५ मध्ये गांधीजी इंदूरला आले असताना त्यांनीही हे काम पाहिले.

हॉवर्ड यांना १९३४ मध्ये ‘सर’ किताब मिळाला. १९४० मधील त्यांच्या ग्रंथाने युरोप-अमेरिकेत सेंद्रिय शेतीची चळवळ उभी करायला मोठा हातभार लावला. रासायनिक खतांना त्यांचा विरोध इतका टोकाचा होता, की अनेक शास्त्रज्ञांना तो पटला नाही. त्यांच्या पद्धतीला मेहनतही फार लागे. ढीग वरखाली करायला माणसे हवीत, पाणी हवे. भारतात ती घरोघर न पोहोचण्याचे हे एक कारण. २० ऑक्टोबर १९४७ रोजी, भारत स्वतंत्र झाल्यावर दोनच महिन्यांनी, त्यांचे निधन झाले. नंतर पोत्यातल्या खतांचे युग आले आणि खड्डा मागे पडला.

पण इंदूरची कहाणी इथे संपत नाही. देशातल्या स्वच्छता सर्वेक्षणात हे शहर २०१७ ते २०२३ सलग सात वेळा पहिले आले (शेवटच्या वेळी सुरतेबरोबर). त्याचे मर्म एका साध्या सवयीत आहे. तिथली गृहिणी ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करते. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी तिथे दररोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि खत करणारा प्रकल्प सुरू झाला. त्या गॅसवर शहराच्या बसगाड्या धावतात. कचरा उचलण्यासाठी पैसे मोजण्याऐवजी, करारानुसार प्रकल्प चालवणारी कंपनीच महापालिकेला वर्षाला अडीच कोटी रुपये देणार, असे ठरले. कचरा एकत्र कालवलेला असता तर हे जमले नसते.

घरातला हिशेबही हाच आहे. कोरडी रद्दी भंगारवाला वजन करून पैसे देऊन नेतो, तीच उष्ट्या-खरकट्यात भिजली की तिला कुणी विचारत नाही. भाजीची साले निराळी ठेवली तर परसातल्या खड्ड्यात त्यांचे खत होते. प्लास्टिकची एक पिशवी त्यात गेली, की ते खत शेतात टाकावेसे वाटत नाही. किंमत वस्तूत असतेच, ती मिसळल्याने जाते.

मोताळ्यात आज नगरपंचायत आहे. तिला इंदूरएवढा प्रकल्प उभारण्याची गरज नाही. घरोघर दोन बादल्या आणि शिवारात काही खड्डे, एवढी सुरुवात पुरे. आपल्या आजीला हे सांगावे लागले नसते. दिवाळीत ती उकिरड्यावरही पणती ठेवत असे. ती भोळी समजूत होती असे आपण मानत आलो. हॉवर्डसाहेबांनी मात्र त्या उकिरड्याचा हिशेब मांडला आणि उत्तर आजीच्या बाजूने आले.

यंदा पऱ्हाट्यांना काडी लावण्याआधी तो हिशेब एकदा आठवावा.