धरणाच्या खालच्या बाजूने पाहणारा अभियंता

28 सप्टेंबर 1908 रोजी हैदराबादेत मुसी नदीला आलेल्या महापुराने शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त केला. सुमारे पंधरा हजार माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज दिला जातो. त्या वेळी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या सेवेतून मुक्त होऊन युरोपच्या दौऱ्यावर होते. निजाम सरकारने त्यांना पाचारण केले. पूर का आला आणि तो पुन्हा येऊ नये म्हणून काय करावे, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे होता. आज धरणसुरक्षेचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्या आयुष्याकडे या प्रश्नाच्या अंगाने पाहावे.

विश्वेश्वरय्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यातला. वडील लवकर गेले. बंगळुरात शिकवण्या करून त्यांनी 1881 मध्ये पदवी मिळवली आणि संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आले. 1883 मध्ये ते इलाख्यात पहिले आले आणि पुढल्याच वर्षी सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. नाशिक, खानदेश, सिंधमधील सक्कर, सुरत, पुणे असा त्यांच्या नोकरीचा प्रवास झाला. सक्करला त्यांनी नळपाणीपुरवठ्याची योजना पूर्ण केली. दख्खनच्या कालव्यांवर पाण्याच्या फेरवाटपाची गटपद्धत त्यांनीच आखली. पुण्याच्या मुक्कामात रानडे आणि गोखले यांच्या वर्तुळाशी त्यांचा निकटचा संबंध आला.

याच काळात खडकवासल्याचा प्रश्न त्यांच्याकडे आला. शहराची आणि कालव्याची गरज वाढत होती, पण जुन्या दगडी धरणाची उंची वाढवणे खर्चिक आणि जोखमीचे होते. सांडव्यावरून दर पावसाळ्यात पाणी वाहून जाई. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दारे बसवण्याची कल्पना मांडली आणि 1903 मध्ये ती प्रत्यक्षात आली. पाणी ठरावीक पातळीपर्यंत साठे. त्यावर चढू लागले की दारे आपोआप उघडत आणि पूर ओसरला की मिटत. रात्री, वादळात, माणूस पोहोचू शकत नसताना धरणाने स्वतःचे रक्षण करावे, हा त्यामागचा विचार होता. साठा वाढवताना सुरक्षिततेची किंमत मोजायची नाही, ही शिस्त त्या यंत्रात उतरली होती.

पुढे अशी दारे ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावर आणि कावेरीवरील कृष्णराजसागरावरही बसली. मात्र तिग्राचे धरण 1917 मध्ये पायात पाणी मुरून फुटले. दार कितीही उत्तम असले तरी ते पायाचा दोष झाकू शकत नाही. धरणाची तपासणी पायापासून माथ्यापर्यंत संपूर्णच व्हावी लागते.

हैदराबादेत विश्वेश्वरय्यांनी नदीच्या काठापेक्षा तिच्या पाणलोटाकडे अधिक लक्ष दिले. पावसाच्या नोंदी आणि नदीच्या पाणीपातळ्या गोळा केल्या, वरच्या भागातील तलावांची गणती केली. सातशेहून अधिक तलावांपैकी दोनशेहून अधिक त्या पावसात फुटले होते. एक बंधारा फुटला की त्याचे पाणी खालच्या बंधाऱ्यावर आदळे, तो फुटला की त्याच्याही खालच्यावर. शहरावर आलेल्या लोंढ्यात आभाळातील पाण्याबरोबर माणसाने अडवलेले आणि सांभाळू न शकलेले पाणीही होते. त्यांनी शहराच्या वर मुसी आणि ईसी या दोन्ही नद्यांवर पूर सामावून घेणारे जलाशय सुचवले. त्यातूनच उस्मानसागर 1920 मध्ये आणि हिमायतसागर 1927 मध्ये उभे राहिले. नदीकाठाची सुधारणा आणि भुयारी गटारे हीदेखील त्याच योजनेची अंगे होती.

नोव्हेंबर 1909 मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि 1912 ते 1918 दिवाण राहिले. कृष्णराजसागराचे काम 1911 मध्ये सुरू झाले. खालच्या मद्रास प्रांताच्या आक्षेपांना तोंड देत ते पुढे सरकले. दिवाणपद सोडल्यानंतरही त्यांचा सल्ला घेतला जात राहिला. 1937 मध्ये ओडिशातील महानदीच्या पुरांचा अभ्यास करून त्यांनी खोऱ्याच्या वरच्या भागात साठवण जलाशयांची चौकशी सुचवली. हिराकूडच्या पूर्वेतिहासात त्या सूचनेला स्थान आहे. 1955 मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले.

त्यांच्या शंभरीच्या सुमारास, 12 जुलै 1961 रोजी, पुण्याजवळचे पानशेतचे मातीचे धरण पहिल्याच पावसाळ्यात, कामे अपुरी असताना फुटले. त्याचा लोंढा खाली खडकवासल्यावर आला आणि तेही धरण कोसळले. ऐन तारुण्यात ज्या धरणाच्या सांडव्यावर त्यांनी दारे बसवली होती, ते वरच्या धरणाच्या अपयशाने गेले. मुसीच्या पाणलोटात त्यांनी ओळखलेली साखळी पुण्यात पुन्हा घडली. नदीकाठच्या लोकांना वेळेवर आणि स्पष्ट इशारा मिळाला नव्हता. विश्वेश्वरय्या एप्रिल 1962 मध्ये निवर्तले.

उस्मानसागर आणि हिमायतसागर आज हैदराबाद महानगराच्या पाणीपुरवठा मंडळाकडे आहेत. पूर झेलण्यासाठी जलाशयात जागा रिकामी ठेवावी लागते, आणि पाणीपुरवठ्यासाठी तो शक्य तितका भरलेला हवा असतो. पावसाळा संपत आला की प्रत्येक पाणीपुरवठा संस्थेला हा निर्णय घ्यावा लागतो. साठा कमी पडला तर उन्हाळ्यात शिव्या मिळतात, जास्त ठेवला तर पुराच्या एका रात्रीत अनर्थ होतो. ऑक्टोबर 2020 च्या अतिवृष्टीत हिमायतसागराची दारे उघडावी लागली आणि जुन्या शहराकडील गुर्रमचेरुवू, पल्लेचेरुवू ही तळी फुटून वस्त्यांत पाणी शिरले. एका मोठ्या धरणाची काळजी घेऊन शहर सुरक्षित होत नाही. वरच्या आणि आजूबाजूच्या प्रत्येक बंधाऱ्याचा हिशेब ठेवावा लागतो.

30 डिसेंबर 2021 पासून अमलात आलेला धरण सुरक्षा कायदा या जुन्या शहाणपणाला कायद्याचे रूप देतो. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासणी, स्वतंत्र तज्ज्ञांकडून सर्वंकष मूल्यमापन आणि प्रत्येक विनिर्दिष्ट धरणासाठी आपत्कालीन कृती आराखडा, ही धरणमालकाची जबाबदारी आहे. जुन्या धरणांचे आराखडे पाच वर्षांत, म्हणजे 2026 च्या अखेरीपर्यंत तयार व्हायचे आहेत. देशात सहा हजारांहून अधिक मोठी धरणे आहेत आणि सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत.

प्रशासनात असताना असे आराखडे माझ्या टेबलावर येत. एका आराखड्यात पूरग्रस्त होऊ शकणाऱ्या गावांची यादी होती, पण संपर्कासाठी दिलेले अधिकारी केव्हाच बदलून गेले होते. इशारा कोणी, कोणत्या पातळीला, कोणत्या गावात, किती वेळात द्यायचा, हे त्या कागदात कुठेच नव्हते. मुदत पाळण्यासाठी तयार झालेला आराखडा असाच असतो. विश्वेश्वरय्यांची पद्धत वेगळी होती. ते आधी पाऊस मोजत, पाणलोट समजून घेत, खालच्या वस्तीपर्यंत पाणी केव्हा पोहोचेल याचा विचार करत, आणि मगच आकृती काढत. 15 सप्टेंबरला त्यांच्या जयंतीनिमित्त देशभर अभियंता दिन साजरा होतो. त्या दिवशी पाणीपुरवठा संस्थांनी धरणाखालच्या एका गावात जाऊन इशाऱ्याची रंगीत तालीम घेतली, तर मुदत संपण्याआधी आराखड्यातील उणिवा त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतील.