लस, बाटली आणि चिमटा

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव अंधेरी-मुलुंडच्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु ज्या शास्त्रज्ञाचे नाव ती मिरवते, त्याला आपल्या कार्यापायी केवढी किंमत मोजावी लागली, याची जाणीव फारशी उरलेली नाही.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ते प्रथम ग्रंथालयातील साहाय्यक म्हणून रुजू झाले. १८९२ मध्ये त्यांनी पटकीची लस सिद्ध केली, ती स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पाहता पाहता मुंबई ओस पडू लागली. सरकारने हाफकिन यांना पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक लहानशी खोली, बाहेरचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढाच त्यांचा संसार होता. पण साधनांची उणीव त्यांनी कल्पकतेने भरून काढली. मांसरसाने भरलेल्या चंबूत ते तुपाचे थेंब तरंगत ठेवीत. त्या थेंबांच्या आधाराने प्लेगजंतूंच्या झिरमिळ्या खाली लोंबत वाढत. चंबू हलविला की त्या गळून पडत आणि नवी वाढ सुरू होई. लोकांच्या धर्मभावना दुखावू नयेत म्हणून मांसरस बोकडाच्या मांसाचा केला जाई. उष्णतेने मारलेले हे जंतू म्हणजेच लस. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिचा गुण दिसून आला. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली आणि तेथून बाटल्या देशभर जाऊ लागल्या.

मात्र बाटली खेड्यात पोचल्यावर ती कोण उघडणार आणि कशी, या प्रश्नाकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल येथे १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने दगावले. चौकशी आयोगाने दोष प्रयोगशाळेच्या माथी मारला. हाफकिन यांनी कार्बोलिक आम्लाऐवजी केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली, हा त्यांचा अपराध ठरला. त्यांना पदावरून दूर व्हावे लागले आणि १९०४ मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला.

वास्तविक पुरावा वेगळेच सांगत होता. बूच काढण्याचा चिमटा साहाय्यकाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि ज्योतीवर न धरता, नुसता जंतुनाशकात बुडवून तो पुन्हा वापरला गेला होता. शिवाय, धनुर्वाताचे जंतू आधीपासून आत वाढत असते तर बाटली उघडताच दुर्गंधी सुटली असती. तशी ती सुटली नव्हती. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये हा अन्याय लंडनच्या 'टाइम्स'मधून जगापुढे मांडला. त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले आणि कलकत्त्यास परतले. परळची प्रयोगशाळा मात्र त्यांच्या हाती पुन्हा आली नाही. १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.

गरीब देशासाठी औषध शोधणे हे अर्धेच काम आहे. ते औषध दूरच्या दवाखान्यात ज्या चिमट्याने, ज्या सुईने आणि ज्या हातांनी द्यायचे, त्यांची निगा राखणे आणि त्या हातांना शिकविणे, हे उरलेले अर्धे. मुल्कोवालात १९ माणसे या उरलेल्या अर्ध्याच्या उपेक्षेने बळी पडली आणि शासनाने आपली जबाबदारी तपासण्याऐवजी संशोधकाला दोषी ठरविले. हाफकिन यांचे नाव संस्थेला देऊन त्या अन्यायाची अंशतः भरपाई झाली असेल. परंतु खेड्यातील शेवटच्या दवाखान्यातही लस टोचणाऱ्याला निर्जंतुक साधने आणि नीट शिक्षण मिळत राहील, तरच त्या प्रमादाचे खरे परिमार्जन होईल.