संशयावर हसायला शिकवणारे देवल

यंदा आमच्या सोलापुरातल्या महिला मंडळानं ‘संगीत संशयकल्लोळ’मधला एक प्रवेश बसवायला घेतला. उंच म्हणून फाल्गुनराव माझ्या वाट्याला आला! मिशा चिकटवताना वाटलं, हे लिहिणारा माणूस होता तरी कसा?

गोविंद बल्लाळ देवल. जन्म १८५५चा, सांगलीजवळच्या हरिपूरचा. बेळगावच्या शाळेत त्यांना अण्णासाहेब किर्लोस्कर शिक्षक लाभले. पुढे किर्लोस्करांच्याच नाटक मंडळीत देवल नटांच्या तालमी घेऊ लागले. कोवळ्या पोरी म्हाताऱ्यांच्या गळ्यात बांधणाऱ्यांना चपराक देणारं १८९९चं ‘संगीत शारदा’ त्यांचंच.

‘संशयकल्लोळ’चं मूळ मात्र फ्रान्समधलं. मोलिएरचं १६६०चं प्रहसन आर्थर मर्फीनं इंग्रजीत नेलं, त्यावरून देवलांनी १८९३मध्ये ‘फाल्गुनराव’ हे गद्य नाटक लिहिलं. पण परकेपणाचा वासही नाही! पुरुषांना मराठी महिन्यांची नावं, बायकांना नक्षत्रांची. फाल्गुनराव, आश्विनशेठ, कृत्तिका, रेवती. एक तसबीर या हातातून त्या हातात जाते आणि नवरा-बायको एकमेकांवर संशय घेत सुटतात.

त्याआधी देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ लिहिलं होतं. तिथंही संशयच, पण त्यात निरपराध बायको जिवानिशी जाते. इथं मात्र दोघंही सारखीच वेडी ठरतात. एकाच दुखण्याची ही दोन टोकं, आणि देवलांना दोन्ही ठाऊक होती. आमच्या तालमीत सगळ्याजणी खो-खो हसत होतो, तेवढ्यात एक मैत्रीण एकदम गप्प झाली. कुणी काही विचारलं नाही, चहाचा कप तेवढा तिच्यापुढे सरकवला. थोड्या वेळानं तीच म्हणाली की चला, पुन्हा पहिल्यापासून करू.

अखेरच्या दिवसांत देवलांनी या नाटकात पदं घातली. पण जून १९१६मध्ये ते गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गंधर्व नाटक मंडळीनं ‘संगीत संशयकल्लोळ’ रंगभूमीवर आणलं. गणपतराव बोडस फाल्गुनराव आणि बालगंधर्व रेवती. प्रेक्षकांचं ते हसू ऐकायला देवल मात्र नव्हते.

तेव्हा पुरुष लुगडी नेसून बायका व्हायचे. आज मी मिशा लावून नवरा झाले. बायकोवर उगाच डाफरताना स्वतःचंच हसू आलं. मैत्रिणींनो, घरात संशयानं डोकं वर काढलंच, तर एकदा दोघांनी मिळून हे नाटक बघा!