एका शिक्षकाची कात्री

माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो. दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची मोठी काचपेटी ठेवून त्याने तीत प्रवाळ वाढविले आहेत. गेल्या दिवाळीत फोनवरून त्याने मला ती पेटी दाखविली. बोलता बोलता त्याने एका प्रवाळाची फांदी पकडीने कट्‌कन तोडली, तुकडा चिनी मातीच्या चकतीवर चिकटविला आणि पुन्हा पाण्यात सोडला. काही आठवड्यांत तो चकतीवर पसरेल आणि त्याचे निराळे झाड होईल, असे मी मनाशी धरले. पण हे झाड नव्हे, प्राणी आहे, असे त्याने बजावले. फांदीवर दिसणारे प्रत्येक बारीक तोंड म्हणजे एक जीव आणि खालचा दगड म्हणजे त्या जिवांनी मिळून रचलेला चुन्याचा सांगाडा!

प्राणी कापला तर मरतो. मग हा एकाचे दोन कसा होतो? मी कला शाखेची विद्यार्थिनी. बेडकाच्या भीतीने शास्त्राकडे पाठ फिरविलेली. तरीही या प्रश्नाने मला ग्रंथालयात नेले आणि तेथे मला अब्राहम ट्रेंब्ले भेटले.

ट्रेंब्ले यांचा जन्म ३ सप्टेंबर १७१० रोजी जिनिव्हा येथे झाला. शिक्षण गणिताचे. पुढे ते हॉलंडमध्ये गेले आणि हेग शहराजवळ सोर्गव्लिट येथे बेंटिंक नावाच्या सरदाराच्या दोन मुलांचे शिक्षक झाले. थोरला सहा वर्षांचा, धाकटा तीन वर्षांचा. प्रयोगशाळा कसली? अभ्यासाच्या खोलीत खिडकीशी मांडलेल्या काचेच्या बरण्या आणि एक भिंग, एवढाच संसार.

१७४० च्या उन्हाळ्यात डबक्याच्या पाण्यात त्यांना हिरवे, दोऱ्यासारखे काही दिसले. प्रथम ती वनस्पतीच वाटली. पण ती हातांसारखे तंतू हलवी, धक्का लागताच आखडे आणि बरणी फिरविली तर हळूहळू उजेडाच्या बाजूला सरके. निकाल लावण्यासाठी २५ नोव्हेंबर १७४० रोजी त्यांनी कात्रीने तिचे दोन तुकडे केले. दोन्ही जगले तर वनस्पती, असा त्यांचा हिशोब होता. काही दिवसांनी खालच्या तुकड्यालाही नवे तंतू फुटले. आता दोन पूर्ण जीव झाले, आणि दोघेही प्राण्याप्रमाणे चालू लागले, भक्ष्य गिळू लागले! हाच आपल्या शालेय पुस्तकातला हायड्रा.

दुसरा कोणी असता तर लगेच डंका पिटला असता. ट्रेंब्ले यांनी पॅरिसच्या रेओम्यूर या थोर पंडितांना पत्र लिहिले व ते जीव पाठविले. पहिली खेप वाटेतच मेली. त्यांनी पुन्हा पाठविली. रेओम्यूर यांनी स्वतः कापून खात्री केली आणि त्या जीवाला पॉलिप हे नाव दिले. नंतर ट्रेंब्ले यांनी कितीतरी विद्वानांना हे जीव, कसे जपावेत या माहितीसह, पाठविले. प्राण्याला आत्मा असेल तर कात्रीने त्याचेही दोन झाले काय, यावर युरोपभर वाद माजला. ट्रेंब्ले मात्र आपल्या बरणीपाशीच बसून राहिले. १७४३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कॉप्ले पदक दिले आणि १७४४ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

यात प्रवाळाचा संबंध कोठे? प्रवाळाची फुले म्हणजे प्राणी आहेत, असे पेसोनेल या फ्रेंच वैद्याने १७२० नंतरच्या दशकात मांडले होते. रेओम्यूर यांनी ते अमान्य केले होते. हायड्रा पाहिल्यावर मात्र त्यांचे मत पालटले आणि १७४२ मध्ये त्यांनी पेसोनेल बरोबर होते, हे छापून मान्य केले. डबक्यातल्या एका जीवाने समुद्रातल्या दुसऱ्याला न्याय मिळवून दिला!

पुढे ट्रेंब्ले जिनिव्हाला परतले, १७५७ मध्ये विवाह केला, मुलांच्या शिक्षणावर ग्रंथ लिहिले आणि १२ मे १७८४ रोजी निवर्तले. म्हणजे अखेरपर्यंत ते शिक्षकच राहिले.

परवा भावाने पुन्हा फोन केला. तुकड्याचा पाया चकतीवर पसरू लागला आहे. मला त्या तुकड्यापेक्षा खिडकीशी बसलेला शिक्षक आणि त्याच्या शेजारची दोन मुलेच दिसत राहिली. शास्त्र आपले नव्हे, असे म्हणून मी दार लावून घेतले होते. एका बरणीपुरते तरी ते उघडावे, असे आता वाटते.