पंक्तिभेद न मानणारा प्रेषित

येशूबरोबर गालिलात हिंडलेल्या बारा शिष्यांत पौल नव्हता. आजच्या तुर्कस्तानातील तार्सचा हा परूशी पंथाचा यहुदी, राहुट्या शिवून पोट भरणारा. स्तेफनाला दगडांनी ठार मारले जात असता मारणाऱ्यांची वस्त्रे सांभाळीत उभा राहिलेला हा तरुण नव्या पंथाचा कडवा वैरी होता. दमास्कसच्या वाटेवर त्याला झालेल्या साक्षात्काराविषयी पुष्कळ लिहिले जाते. पण त्याची खरी कसोटी लागली ती अंत्युखिया नगरातील जेवणाच्या पंक्तीत.

तेथे यहुदी व यहुदीतर अनुयायी एकत्र जेवीत. पेत्रही त्यांत बसे. यरुशलेमहून याकोबाकडची माणसे आली मात्र, पेत्र पंक्तीतून दूर झाला. पाठोपाठ इतर यहुदी आणि पौलाचा जिवलग सहकारी बर्णबाही. ज्यांची सुंता झालेली नाही त्यांच्याशी अन्नव्यवहार कसा ठेवावा, हे भय! पेत्र हा येशूचा ज्येष्ठ शिष्य. तरीही पौलाने त्याला सर्वांसमक्ष दोषी ठरविले. ख्रिस्ताचे होण्यासाठी आधी यहुदी व्हावे लागत असेल, तर ख्रिस्ताच्या मरणाला अर्थ तो काय उरला, असा त्याचा रोकडा सवाल होता. वादाचा निकाल काय लागला, हे गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो सांगत नाही. जिंकला असता तर सांगितल्यावाचून राहिला नसता, असे अनेक अभ्यासकांचे अनुमान आहे.

पुढे करिंथात तो दीड वर्ष राहिला. डेल्फी येथील शिलालेखात तेथील सुभेदार गल्लियोचा उल्लेख असल्याने हा काळ इ. स. ५१-५२ च्या सुमाराचा ठरतो. तेथेही पंक्तिभेद निघालाच: सधन मंडळी आधीच जेवून मद्यधुंद होत आणि गरीब उपाशी राहत. पौलाने त्यांची कानउघाडणी केली. गुलामगिरी मोडा, असे मात्र त्याने कोठेही सांगितले नाही. ही त्याची मर्यादा नजरेआड करता येत नाही.

यहुदीतर मंडळ्यांकडून यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करून ती घेऊन तो तेथे गेला. मंदिराच्या आतल्या अंगणात परक्यांना प्रवेश केल्यास मृत्युदंड होता. तसा इशारा कोरलेली शिळा १८७१ मध्ये सापडली. पौलाने एका परक्याला आत नेल्याची आवई उठली, दंगल झाली आणि तो कैद झाला. रोमन नागरिक या नात्याने त्याने बादशहाकडे दाद मागितली. रोममध्ये भाड्याच्या घरात, शिपायाच्या पहाऱ्यात, येणाऱ्या प्रत्येकाचे स्वागत करीत त्याने दोन वर्षे काढली. नीरोच्या कारकीर्दीत त्याचा शिरच्छेद झाला, अशी परंपरा आहे.